उन्हाळ्याची फी

दोन आठवडे, सहा हजार डॉलर. राहणं-जेवण त्यातच, विमानाचं तिकीट वेगळं. रुपयांत पाच लाखांच्या वर. अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांचे शाळकरी मुलांसाठीचे उन्हाळी वर्ग साधारण या भावाने चालतात. सात आठवड्यांचा, कॉलेजचं क्रेडिट देणारा वर्ग वसतिगृहासकट घेतला तर हार्वर्डसारख्या ठिकाणी आकडा पंधरा हजारांच्या आसपास जातो. आमच्या ताईच्या मुलीला अशाच एका दोन आठवड्यांच्या वर्गात प्रवेश मिळाला आहे. ताई न्यू जर्सीत एडिसनला असते, दादा पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो, आणि मी सगळ्यांत धाकटी, ठाण्यात बसून दोघांचं ऐकते. रविवारी आम्ही तिघं फोनवर भेटतो. तिची सकाळ असते, आमची संध्याकाळ. परवाचा फोन फार लांबला. विद्यापीठाचं नाव मुद्दामच सांगत नाही. तशी बरीच आहेत आणि वादाला त्याने फरक पडत नाही.

खालचं संभाषण थोडं चाळून लिहिलं आहे. आवाज चढले ते भाग गाळले आहेत, पण सगळे नाहीत.

दादा : वर्ग कशाचा आहे?

ताई : उद्योजकता आणि नेतृत्व.

दादा : तिला उद्योजकता कधीपासून आवडायला लागली? मागच्या जुलैत इथे होती तेव्हा मूळ संख्यांच्या मागे लागली होती. माझे खडू संपवले पोरीने.

ताई : गणिताचा वर्ग त्या तारखांना नव्हता. आणि दादा, दोन आठवड्यांत विषय शिकायला कोण जातं? कॅम्पस बघायचा, अनोळखी मुलीबरोबर खोली वाटून घ्यायची, आपले कपडे आपण धुवायचे. पंधरा वर्षांची झाली, अजून एक रात्र एकटी कुठे राहिलेली नाही.

दादा : कपडे धुवायला सहा हजार डॉलर?

ताई : तू असं बोलायला लागलास की मी फोन ठेवीन.

दादा : बरं, मागे घेतो. पण मग एकदा स्पष्ट म्हण, की कॉलेजच्या प्रवेशासाठी मी हे करत नाहीये. अर्जाशी याचा काही संबंध नाही. एवढं म्हटलंस तर माझी तक्रार संपली. तुझे पैसे, तुझी मुलगी.

ताईने ते म्हटलं नाही.

तिला दोष देता येणार नाही. ते छातीठोकपणे म्हणू शकेल असा आईबाप एडिसनमध्ये शोधून सापडायचा नाही, आणि या वर्गांचा धंदाच त्या न बोललेल्या वाक्यावर उभा आहे. विद्यापीठं तसं खोटं बोलत नाहीत. उन्हाळी वर्गाला आल्याने पदवीच्या प्रवेशाची हमी मिळत नाही, असं ती सांगतात. हार्वर्डचं समर स्कूल हे तिथल्या निरंतर शिक्षण विभागाचं खातं आहे. पदवीचे अर्ज वाचणारी कचेरी वेगळी, तिथली माणसं वेगळी. पण माहितीपत्रकावर फोटो असतो तो त्याच विटांच्या इमारतीचा आणि चिन्ह असतं तेच. हमी नाही हे वाक्य आई वाचते, फोटो मात्र लक्षात ठेवते.

दादा : अगं, कॉमन ॲपच्या, म्हणजे बऱ्याच कॉलेजांच्या सामाईक अर्जात मुलाने केलेल्या गोष्टींना दहा जागा असतात. प्रत्येक जागेत दीडशे अक्षरं. त्यातली एक जागा तू सहा हजारांना घेते आहेस. आणि वाचणाऱ्याला काय दिसणार? हीच ओळ त्याने सकाळपासून किती अर्जांत वाचली असेल. २०२४ साली हार्वर्डला चौपन्न हजार अर्ज आले आणि प्रवेश मिळाला एकोणीसशेंच्या आसपास मुलांना. व्हीआयपी पास काढला की दर्शन लवकर होतं, पण गुरवकी मिळत नाही.

ताई : हे तू मला सांगतोस? मी इथे वीस वर्षं राहते. मला माहीत आहे ते काय आहे. आता माझं ऐक. माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याचे आजोबा आयव्ही लीगमधले, बाप आयव्ही लीगमधला. दुसरी एक आहे, ती होडी वल्हवते. आठव्या वर्षापासून वल्हवते आहे आणि त्याला दरवर्षी किती खर्च येतो ते विचारू नकोस. आमच्याकडे आजोबा पोस्टात होते. होडी नाही. माझ्याकडे नोकरीतून साठवलेले डॉलर आहेत, तेवढंच. त्यांनी आजोबा वापरायचे आणि मी डॉलर वापरले की ते लाजिरवाणं?

इथे दादा गप्प झाला, कारण आकडे ताईच्या बाजूने आहेत. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आयव्ही लीगची आठ विद्यापीठं, शिवाय स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो. प्रवेशपरीक्षेत सारखेच गुण असलेल्या मुलांची तुलना केली तर सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलं इथे शिकायला येण्याची शक्यता मध्यमवर्गातल्या मुलांच्या दुपटीहून जास्त. प्रवेश देण्यातल्या फरकाची कारणं तीन सापडली : माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या गुणांना दिलेलं वजन. त्यातलं पहिलं ताईच्या मुलीला जन्मतःच नाही, दुसरं हुकलं, आणि तिसरं बाजारात विकत मिळतं असं तिला वाटतं.

दादा : म्हणजे खेळ अन्यायाचा आहे हे तू मान्य करतेस, आणि तरी तिकीट काढतेस.

ताई : हो. तू नाही काढलंस?

दादा : मी?

ताई : चिरंजीवांचा दोन वर्षांचा जेईईचा क्लास. वर्षाला किती दिलेस? दीड लाख? दोन? कॉलेजात नाव नुसतं हजेरीपुरतं आणि दिवसभर क्लास. त्या दोन वर्षांत पोराने एक पुस्तक मनाने वाचलं नाही, असं तूच म्हणत होतास. आणि शेवटी प्रवेश मिळाला तो सीईटीवर. लातूरला खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांच्या आईबापांना कोणी विचारत नाही की अनुभवाची किंमत काय. माझ्या मुलीने दोन आठवडे मजा केली तर मात्र हिशेब मांडायचा.

मला वाटलं होतं दादा चिडेल. तो चिडला नाही.

दादा : क्लासवर पैसे गेले, हे खरं आहे. पण त्यात एक गोष्ट होती. परीक्षा होती. क्लासने चुकीचं शिकवलं असतं, पोराने झोपा काढल्या असत्या, तर ते निकालात दिसलं असतं. आणि दिसलंही. तुमच्या दोन आठवड्यांच्या शेवटी काय तपासतात?

ताई : शेवटी सादरीकरण असतं. प्रमाणपत्र मिळतं.

दादा : कुणाला मिळत नाही?

ताई : असं कसं, सगळ्यांनाच मिळतं.

दादाची ही खोड आहे. प्रश्न विचारून थांबतो. पण त्याचा प्रश्न कोचिंगच्या बाजूचा नव्हता, हे ताईच्या लक्षात आलं नाही असं मला वाटतं. नापास होण्याची शक्यताच नसेल तर मुलीला काय येत नाही हे तिला तिथे कळणार कसं, असं तो विचारत होता.

मग दादाने इतिहास काढला. तो एकदा शिकवायला लागला की थांबत नाही, म्हणून मी आटोपतं लिहिते. अमेरिकेत विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग जुने आहेत. हार्वर्डचा १८७१ पासूनचा. पण सुरुवातीला अशा वर्गांना येत ते शिक्षक. १८७३ मध्ये लुई अगासी या प्राणिशास्त्रज्ञाने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ पेनिकीज नावाच्या छोट्या बेटावर उन्हाळी शाळा भरवली. पन्नासेक शिक्षक-शिक्षिका तिथे गेल्या. पुस्तकं बाजूला ठेवायची आणि समुद्रातले जीव हातात घेऊन बघायचे, एवढाच अभ्यासक्रम. अगासी त्याच डिसेंबरात वारले, शाळा लवकरच बंद पडली, पण किनाऱ्यावर जाऊन शिकायची ती रीत मागे राहिली. पुढे १९४७ मध्ये आर्नल्ड रॉस या गणितज्ञाने इंडियानातल्या नोत्र दाम विद्यापीठात उन्हाळी वर्ग सुरू केला तोही आधी गणिताच्या शिक्षकांसाठीच. शाळकरी मुलं त्यात आली १९५७ मध्ये. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. आपल्याकडे शास्त्रज्ञ कमी पडतील या भीतीने सरकारने मुलांच्या उन्हाळी वर्गांना पैसे द्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियात ओहाय इथे १९५९ मध्ये समर सायन्स प्रोग्रॅम सुरू झाला. तिथली मुलं स्वतः दुर्बिणीतून लघुग्रह टिपतात आणि त्याची कक्षा गणिताने काढतात. अजूनही काढतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रेगन सरकारने शालेय विज्ञानशिक्षणाच्या अनुदानाला मोठी कात्री लावली.

दादा : तेव्हा देशाला मुलं हवी होती, म्हणून देश पैसे मोजत होता. आता आईबापांना विद्यापीठ हवं आहे, म्हणून आईबाप मोजतात. बिल कुणाच्या नावाने फाटतं ते बघ, म्हणजे कुणाला कोण हवं आहे ते कळतं. एमआयटीत रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट म्हणून आहे, १९८४ मध्ये सुरू झालेली. सहा आठवडे, फी शून्य. टेल्युराइड नावाची संस्था मानव्यशाखेचा वर्ग घेते, त्यालाही फी नाही. त्यांना मुलं हवी असतात.

ताई : आणि त्या इन्स्टिट्यूटमध्ये मुलं किती घेतात? शंभरेक, अख्ख्या जगातून. दादा, माझी मुलगी त्या शंभरांतली नाही. हुशार आहे, पण तेवढी नाही, हे मला आई असून दिसतं. मग मधल्या मुलांनी करायचं काय? तुझं लहानपणापासून असंच. एक तर ऑलिम्पियाड, नाहीतर घरी बसा. तू शिकवतोस तीही निवडलेलीच मुलं. शाळेत चौथा-पाचवा नंबर येणाऱ्या मुलीसाठी तुझ्याकडे काहीच नसतं.

हा घाव खोल गेला, कारण तो खरा आहे. आपल्याकडची चांगली उन्हाळी व्यवस्था, मग ती मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातली ऑलिम्पियाडची शिबिरं असोत की अशीच दुसरी, बहुतेक गाळून उरलेल्या मुलांसाठी असते. श्रीराम अभ्यंकर पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक होते. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं. तिथे गणिताची आवड असलेली मुलं अजूनही जातात आणि त्यातली कितीतरी पुढे खूप लांब गेली. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेने शहरातल्या शाळांतल्या मुलांना सुट्टीत एक आठवडा शास्त्रज्ञाजवळ बसवायची पद्धत पाडली, अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. ते फार सुंदर आहे. पण तिथेही शाळा नावं पाठवतात, आणि शाळा कुणाची नावं पाठवतात ते आपल्याला माहीत आहे.

ताई : आमच्या ऑफिसातल्या एकीचा मुलगा मागच्या वर्षी असाच दोन आठवडे गेला. वैद्यकीय विषय होता. पाचव्या दिवशी फोन केला, मला हे आयुष्यभर करायचं नाही. आई रडली. पण हिशेब कर. इथे चांगल्या खासगी कॉलेजात राहण्या-जेवणासकट वर्षाला नव्वद हजार डॉलर लागतात. चुकीच्या वाटेवर एक वर्ष घालवण्यापेक्षा सहा हजारांत कळलं ते स्वस्त नाही पडलं?

दादा : पडलं. हे पटलं.

ताई : काय?

दादा : पटलं म्हटलं ना. त्या मुलाला तिथे काहीतरी झेपलं नाही. म्हणजे तिथे खरं काम होतं. मी तेच विचारत होतो.

मला या ठिकाणी वाद संपल्यासारखा वाटला, आणि एका अर्थाने तो संपलाच होता. ताई प्रवेशाबद्दल बोलते तेव्हा तिचं म्हणणं कच्चं असतं. मुलीबद्दल बोलते तेव्हा पक्कं. दादा इतिहासात पक्का आणि मधल्या मुलीपाशी आला की अडखळतो. सहा हजार डॉलर खर्चून मुलगी दोन आठवडे तिच्यासारख्याच मुलांत राहिली, रात्री दोनपर्यंत गप्पा मारल्या, कुणी तिला विचित्र म्हटलं नाही, तर ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. लोक त्याहून जास्त पैसे क्रूझवर घालवतात. महागडी सुट्टी म्हणून हे ठीक आहे. बिनसतं कुठे, तर आपण तिला गुंतवणूक म्हणायला लागतो तिथे. मग मुलगीही तिथे सुट्टीवर नसते, कामावर असते. परत आल्यावर काय शिकलीस या प्रश्नाला तिच्याकडे अर्जात शोभेल असं उत्तर तयार असतं.

दादा : मी तुला एक परीक्षा सांगतो. फी किती ते नंतर बघ. आधी दारावर काय मागतात ते बघ. बॉस्टन विद्यापीठात प्रॉमिस म्हणून गणिताचा वर्ग आहे, रॉसच्याच शिष्यांनी १९८९ मध्ये काढलेला. ते अर्जाबरोबर गणितं पाठवतात. अवघड. आठवडे लागतात. मॅथकॅम्प नावाचा दुसरा गणिताचा वर्ग आहे, तेही तसंच करतात. त्यांना तुझी मार्कशीट फारशी नको असते, तुझी पानं हवी असतात. खाडाखोडीसकट. दुसरीकडे काय मागतात? शाळेचे गुण, छोटा निबंध आणि कार्ड नंबर.

ताई : प्रॉमिसला फी नाही?

दादा : आहे.

ताई : किती?

दादा : काही हजार डॉलर.

ताई : मग मघाशी काय म्हणत होतास, बिल कुणाच्या नावाने फाटतं ते बघ म्हणून? तिथेही आईबापांच्याच नावाने फाटतं की.

दादा : कमी उत्पन्नाच्या घरांना ते पूर्ण माफ करतात. मॅथकॅम्पही करतं. समर सायन्स प्रोग्रॅममध्ये शिकलेला एक मुलगा पुढे क्वालकॉम कंपनीच्या संस्थापकांतला एक झाला, फ्रँकलिन अँटोनियो. २०२२ मध्ये वारला तेव्हा त्याने त्या वर्गासाठी वीस कोटी डॉलर ठेवले. शाळकरी वयातला एक उन्हाळा माणसाला असा आठवतो.

ताई : ते सगळं चांगलं आहे. पण तू आधी म्हणालास फुकट ते चांगलं. आता म्हणतोस फी घेतली तरी चालते, दारावर अवघड गणितं हवीत. दोन्ही एकदम खरं कसं?

दादा : पहिलं मागे घेतो. आज बरंच मागे घ्यावं लागतंय.

हे मागे घेणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण फुकट म्हणजे खरं आणि महाग म्हणजे लबाड अशी सोपी फोड आपण पटकन करतो. लबाडी असते ती वेगळ्या ठिकाणी. ताईच्या पत्रपेटीत दर हिवाळ्यात जाड कागदावरची पत्रं येतात : आपल्या कन्येची नेतृत्वपरिषदेसाठी निवड झाली आहे. कुणी निवडलं, कशावरून, ते त्यात नसतं. अशा कंपन्या एखाद्या विद्यापीठाच्या मोकळ्या खोल्या सुट्टीपुरत्या भाड्याने घेतात आणि वर्ग भरवतात. विद्यापीठाचा संबंध भाड्यापुरता. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्येही कॉलेजच्या खोल्या उन्हाळ्यात अशा जातात. खुद्द ऑक्सफर्डचा शाळकरी मुलांसाठीचा युनिक नावाचा उन्हाळी वर्ग ब्रिटनमधल्या सरकारी शाळांतल्या मुलांसाठी आहे आणि तो फुकट आहे. मुंबई-पुण्यातून जाणाऱ्या मुलाला बहुधा भेटतो तो खोल्या भाड्याने घेणारा.

इथून जाणाऱ्यांचा हिशेब आणखी वेगळा. फीवर विमान, व्हिसा, विमा, बरोबर जाणारं मोठं माणूस. आठ-नऊ लाखांची मजल सहज. आणि २०२५ च्या मे अखेरीस अमेरिकेने विद्यार्थ्यांच्या व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या तेव्हा ज्यांनी पैसे भरले होते त्यांची काय धावपळ झाली असेल, ते सांगायला नको. बारावीनंतर इथेच इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जायचं असेल तर हिशेब करायचीही गरज नाही. जेईई आणि नीटला माणूस कुठे राहून आला याच्याशी देणंघेणं नसतं. निदान त्या बाबतीत आपली क्रूर पद्धत सरळ आहे.

ताई : बरं, मग काय करायचं ते सांग. टीका पुरे. जून ते सप्टेंबर अडीच महिने सुट्टी. मी आणि हे दोघंही ऑफिसात. पोरगी घरात फोन घेऊन बसणार. हे तुझ्या इतिहासात येत नाही.

दादा : तुमच्याच राज्यात गव्हर्नर्स स्कूल आहे ना? ड्रू विद्यापीठात, विज्ञानाचं. फी नाही.

ताई : आहे. अकरावी संपवून बारावीत जाणाऱ्यांसाठी. शाळेने नाव पाठवायचं, आणि शाळा एखाद-दुसरं पाठवते. आमच्या शाळेत त्या एका नावासाठी किती भारतीय आणि चिनी आया रांगेत उभ्या आहेत ते तुला माहीत नाही. शिवाय सरकारने एकदा त्याचे पैसेही बंद केले होते, माजी विद्यार्थ्यांनी आणि कंपन्यांनी देणग्या देऊन वाचवलं. तुझा देश पैसे देतो म्हणे.

दादा : मिडलसेक्स कॉलेज तुझ्या घरापासून किती लांब?

ताई : दहा मिनिटं. कम्युनिटी कॉलेज आहे ते.

दादा : मग? उन्हाळ्यात तिथे खरा वर्ग असतो. खरी परीक्षा, खरं क्रेडिट. तुझ्या काउंटीत राहणाऱ्याला एक विषय हजार डॉलरच्या आत पडतो. वर्गात शेजारी बसणार कामावरून आलेली तीस वर्षांची बाई आणि सैन्यातून परतलेला माणूस. नेतृत्व शिकायचं असेल तर तिथे शिकता येईल.

ताई : कम्युनिटी कॉलेज.

तिने ते दोन शब्द ज्या स्वरात म्हटले त्यावरून मला कळलं की हा पर्याय पडला. गुणवत्तेवर पडला नाही, नावावर पडला. दादालाही कळलं. त्याने तो मुद्दा ताणला नाही.

दादा : नाहीतर नोकरी करू दे. आईस्क्रीमच्या दुकानात, पोहण्याच्या तलावावर. तासाला पंधराएक डॉलर मिळतात ना तिथे?

ताई : अठरा वर्षांखालच्या मुलांना आधी वर्किंग पेपर्स काढावे लागतात.

दादा : ते फुकट मिळतात.

ताई : दादा, आम्ही इथे एवढं शिकून आलो ते पोरीने आईस्क्रीम विकावं म्हणून?

आत्तापर्यंत मी बोलले नव्हते. आता म्हटलं, तिलाच विचारा ना. ती तिथेच होती, ताईच्या मागे सोफ्यावर पाय वर घेऊन. आत्तापर्यंत तिच्याबद्दल चालू होतं ते सगळं ती ऐकत होती, आणि मराठी तिला समजतं हे आम्ही तिघंही विसरलो होतो.

तिने आधी आईला सांगितलं की तिला जायचं आहे. मैत्रीण चालली आहे, दोघींना एकाच मजल्यावर खोली मिळेल, आणि तिथल्या कॅफेटेरियात रात्री अकराला वॉफल मिळतात. उद्योजकतेचं तिला काही नाही. मग दादाला इंग्रजी-मराठी मिसळून विचारलं, की ती गणितं कुठे मिळतात, मॅथकॅम्पवाली. मुदत कधी आहे.

दादा : मार्चमध्ये असते. अजून वेळ आहे. लिंक पाठवतो. सगळी सुटली पाहिजेत असं नाही, जेवढी सुटतील तेवढी लिहायची.

ताई : आणि ते झालं नाही तर? नाही घेतलं तर?

दादा : तर नाही घेतलं.

ताई : हे तू तिच्यासमोर असं सहज म्हणतोस.

त्या आठवड्यात ताईने दोन आठवड्यांच्या वर्गाचं डिपॉझिट भरलं. कोणत्या तारखेपर्यंत रद्द केलं तर किती परत मिळतं, ते तिने फ्रिजवर लावून ठेवलं आहे. म्हणजे दादाचं सगळंच वाया गेलं असं नाही. मॅथकॅम्पचा प्रश्नसंचही घरात आला. पहिला प्रश्न तिला दोन संध्याकाळींत सुटला, दुसरा अर्धा. तिसऱ्यापाशी ती अडकली आहे, आणि कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेले असतात.

पुढच्या रविवारी दादाला राहवेना.

दादा : तिसऱ्यात तिने आधी छोट्या संख्या घेऊन बघितल्या का? म्हणजे मी काही सांगत नाही, नुसतं विचारतो. दोन, तीन, चार घेऊन तक्ता केला तर लगेच...

ताई : दादा, एक अक्षर बोलायचं नाही. नियमात लिहिलंय, दुसऱ्याची मदत घ्यायची नाही.

दादा : अगं, ही मदत नाही, हा...

ताई : मी फोन ठेवते आहे.